रंग देऊनही जुन्या सायकलच्या फ्रेमवर गंज परत येत असेल तर

जुनी पोलादी फ्रेम घासून स्वच्छ केली, प्रायमर मारला, वर चांगला रंगही दिला. तरीही पहिला पावसाळा सरता सरता तिच्यावर फोड उठतात आणि फोड फुटला की खालून तांबूस पाणी येते. घरी फ्रेम दुरुस्त करणाऱ्यांच्या सगळ्या तक्रारींमध्ये ही सर्वांत चिवट तक्रार आहे. बहुतेक जण यावर प्रायमर बदलतात किंवा रंगाचा आणखी एक हात देतात, आणि पुढच्या दसऱ्याला फोड पुन्हा त्याच जागी दिसतात. या गंजाचे मूळ बहुधा वरच्या रंगात नसून नळ्यांच्या आत साचणाऱ्या पाण्यात असते, आणि जोपर्यंत त्या पाण्याची येण्याची वाट, साचण्याची जागा आणि बाहेर पडण्याची सोय या तिन्हींचा विचार होत नाही, तोपर्यंत वरून कितीही महागाचा रंग दिला तरी तो टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

इंदूरमध्ये अशा फ्रेम अजून पुष्कळ सापडतात. कापड गिरण्या चालू होत्या त्या काळात पाळीला जाणारा कामगार सायकलनेच जात असे, आणि हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडल्यानंतरही त्या पिढीच्या काळ्या, दांडीच्या सायकली घरांच्या ओसरीत, जिन्याखाली आणि गच्चीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या नळ्या सांध्यावरच्या पोलादी कड्यांमध्ये, म्हणजे लगमध्ये बसवून पितळेने जोडलेल्या आहेत, आणि नळीची भिंत आजच्या हलक्या सायकलींपेक्षा जाड आहे. त्यामुळे आत बराच गंज चढूनही फ्रेम वाचू शकते. मात्र त्या जाडीमुळेच आतला गंज वर्षानुवर्षे लपूनही राहतो.

फोड कुठे आहे ते आधी पाहावे

रंग खरवडण्याआधी फ्रेम उजेडात उभी करून प्रत्येक फोडाची जागा नीट पाहावी, कारण निम्मे निदान त्या जागेवरूनच होते. लगच्या अगदी कडेला, सीटच्या नळीच्या तोंडाशी, बीबीच्या, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या खालच्या नळकांड्याच्या, छर्रे धरणाऱ्या कपांभोवती किंवा मागच्या पायांवरच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या नळ्यांवरच्या, बारीक छिद्रांजवळ फोड असतील, तर पाणी आतून बाहेर येत आहे असे समजावे. पितळेचा जोड वरून अखंड दिसला तरी लगच्या आत सगळीकडे पितळ भरलेले असतेच असे नाही. जिथे फट राहिलेली असते तिथे पाणी शिरून थांबते आणि गंज वाढू लागला की तो रंगाला आतून उचलतो. लोखंडापेक्षा त्याचा गंज कित्येक पट जास्त जागा व्यापतो, म्हणून केसाएवढ्या फटीतला गंजही रंगाचा थर सहज सोडवतो.

याउलट नळीच्या मधोमध, सपाट भागावर, विखुरलेले बारीक फोड असतील तर दोष बाहेरच्या तयारीत आहे. धुताना राहिलेले आम्ल, हाताच्या घामाचे आणि तेलाचे डाग, दमट हवेत मारलेला रंग, किंवा खड्डे भरायला वापरलेली आणि ओल शोषून घेणारी लांबी यांपैकी एखादे कारण तिथे सापडते. साधा तांबडा ऑक्साइड प्रायमर मारून फ्रेम काही आठवडे तशीच ठेवली असेल तर त्याही प्रायमरमधून ओल आत गेलेली असते, कारण वरचा रंग चढेपर्यंत तो पाणी अडवण्याचे काम पुरेसे करत नाही. नळीच्या मधोमध एकच मोठा, मऊ फोड असेल आणि दाभणाच्या टोकाने दाबल्यावर टोक आत जात असेल, तर मात्र तिथे भिंत आतून खाऊन संपलेली आहे. तो प्रश्न रंगाचा राहत नाही, फ्रेम वापरावी की नाही याचा होतो.

उजव्या बाजूच्या मागच्या पायावर चेन आपटून रंग जातो, आणि स्टँड, कॅरिअर, पंपाचा चिमटा यांच्या पट्ट्यांखाली ओल धरून गंज येतो. ही कारणे वरवरची आहेत. पट्टीखाली रबराचा तुकडा घालून आणि चेनखालच्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती मिटतात.

आतल्या पाण्याचा माग

जुन्या सायकलीत पाणी शिरण्याची मुख्य वाट म्हणजे सीटच्या नळीच्या वरच्या टोकाची चीर. सीटचा दांडा आवळता यावा म्हणून ही चीर ठेवलेली असते आणि बहुतेक फ्रेममध्ये ती मागे, म्हणजे मागच्या चाकाच्या दिशेला असते. मडगार्ड जागेवर असेपर्यंत फारसे बिघडत नाही. परंतु सायकलला नवे, मोकळे रूप देण्याच्या हौसेने मडगार्ड काढले की चाकाने उडवलेले पाणी थेट त्या चिरेवर येते आणि दांड्याच्या कडेने खाली उतरत बीबीच्या नळकांड्यात साचते, कारण फ्रेममधली सर्वांत खालची जागा तीच. दुसरी वाट गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याची. गाड्या धुण्याच्या ठिकाणी सायकल नेऊन बीबीवर आणि हँडलच्या कपांवर जवळून फवारा मारला, तर एका वेळेला आत जाणारे पाणी पावसाच्या अनेक फेऱ्यांपेक्षा जास्त असू शकते. तिसरी वाट सहसा कुणी मोजत नाही: थंडीत रात्री पोलाद गार पडते, आतल्या दमट हवेतली वाफ भिंतीवर दवासारखी जमते आणि दिवसा वाळण्याऐवजी बंद नळीत फिरत राहते.

बीबीच्या खालच्या भागाला आणि त्यामागे मडगार्ड टेकवायच्या आडपट्टीला माळव्याची काळी माती चिकटली की हे काम आणखी पक्के होते. ती माती वाळून कडक झालेली दिसली तरी पोलादाला लागून असलेल्या बाजूला ओल धरून ठेवते. या भागातल्या फ्रेममध्ये बीबीमागची आडपट्टी मी सर्वांत आधी पाहतो, आणि गंज तिथे नसला तरच आश्चर्य वाटते.

तपासणीसाठी सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढावा आणि कोरड्या फरशीवर कागद पसरून त्यावर फ्रेम वेगवेगळ्या बाजूंनी कलती करावी. तांबूस पाणी, तांबडी भुकटी किंवा सैल खवले पडले तर निदान जवळजवळ पक्के झाले. त्यानंतर बीबी उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेडलचा दांडा (क्रँक) आसाला पक्का धरणारी कॉटर पिन काढताना नट पुरता न काढता पिनेच्या टोकाशी समपातळीत आणावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्यावा आणि एकच ठाम ठोका मारावा. टेकू न देता ठोकले तर सगळा मार छऱ्यांवर आणि कपांच्या आतल्या गुळगुळीत वाटेवर जातो. डावीकडचा कप त्यावरची लॉकरिंग सोडवल्यावर नेहमीच्या दिशेने निघतो. उजवीकडचा कप मात्र उलट आट्यांचा असतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे न कळल्यामुळे पान्याला लांब नळी लावून जोर करणारे लोक तो अधिकच घट्ट करतात. छर्रे बहुधा पाव इंची, प्रत्येक बाजूला ११ असतात. सगळे गोळा करून घ्यावेत, पण गंज लागला असेल तर ते परत वापरू नयेत.

नळकांडे मोकळे झाले की आत टॉर्च धरून पाहावे. वरवरचा तांबूस थर असेल तर काळजी नाही. खवले सुटत असतील तर छोट्या हातोडीने बाहेरून हलके ठोके मारत जावे: चांगल्या नळीचा आवाज खणखणीत येतो, खाल्लेल्या जागी तो बद्द होतो. हँडलचा चिमटाही, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, याच वेळी सोडवून त्याच्या उभ्या नळीत खालून पाहावे. ब्रेकच्या छिद्रातून तिथे पाणी चढते आणि ती नळी तुटली तर स्वार थेट तोंडावर पडतो, म्हणून चिमट्याच्या उभ्या नळीत खोल खड्डे दिसले तर चिमटा बदलणे हाच एक पर्याय मी सांगेन. त्यात काटकसर करू नये.

आम्लाने झालेले नुकसान

गंज काढण्यासाठी घरात आणि अनेक ठिकाणी रंगकामाच्या आधीही संडास धुण्याचे आम्ल वापरले जाते. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि गंज फार लवकर काढते, हीच त्याची अडचण आहे. लगच्या फटींमध्ये शिरलेले हे आम्ल साध्या पाण्याने निघत नाही आणि मागे राहिलेले क्लोराइडचे क्षार हवेतली ओल खेचून गंजाला पुन्हा पुन्हा चालना देतात. काम चोख दिसूनही काही महिन्यांत लगच्या कडांना रेषेत फोड येतात, तेव्हा माझा पहिला संशय या आम्लावर जातो. शिवाय त्याच्या वाफेने जवळ ठेवलेली इतर लोखंडी अवजारेही गंजतात. बंद खोलीत तर ते वापरूच नये.

त्याऐवजी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरावे. किराणा दुकानात किंवा सियागंजच्या घाऊक बाजारात ते सहज मिळते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम हे प्रमाण पुरते. नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या ट्यूबचे रबर लावलेल्या लाकडी चकत्या बसवून मधून आट्यांची लांब सळई नटांनी आवळली की बीबी बंद होते; मग सीटच्या नळीत नरसाळ्याने द्रावण भरता येते. मागच्या पायांच्या बारीक छिद्रांतून ते गळत असेल तर छिद्रांवर तात्पुरती मेणाची गोळी दाबावी. भरण्याआधी बाटली घासायच्या लांब ब्रशने सैल खवले काढून टाकावेत, नाहीतर द्रावणाची ताकद त्यांच्यावरच खर्च होते. दर एक-दोन तासांनी थोडे द्रावण काढून टॉर्चने पाहावे आणि करडे पोलाद दिसू लागले की थांबावे. रात्रभर विसरून ठेवले तर आम्ल चांगले पोलादही खाऊ लागते.

नंतरचे धुणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. पहिल्यांदा भरपूर साधे पाणी, मग एक लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेले पाणी, आणि शेवटी पुन्हा साधे गरम पाणी, असे क्रमाने आतून खेळवावे. बाहेर पडलेल्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवून तो तांबडा होत नाही याची खात्री करावी. ओल्या पोलादावर काही मिनिटांतच पिवळसर थर येतो. म्हणून लगेच केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा आत सोडावी आणि फ्रेम उन्हात तोंडे खाली करून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यात इंदूरचे कोरडे ऊन हे काम उत्तम करते, आणि याच कारणासाठी मी फ्रेमचे काम पावसाळ्यात हाती घेऊ नये असे सांगतो.

रंग, तेल आणि त्यांचा क्रम

आतून तेल किंवा मेण लावणे आवश्यक आहे, परंतु ते रंगाच्या आधी लावू नये. तेल लगच्या फटींतून बाहेर झिरपते आणि तिथे प्रायमर धरत नाही, रंगाला गोल खळगे पडतात. फ्रेम पावडर कोटिंगला द्यायची असेल तर हा नियम आणखी कडक आहे, कारण तिथल्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असते आणि आत राहिलेले तेल, पाणी किंवा आम्ल वाफ होऊन बारीक छिद्रांतून बाहेर येत तिथल्या रंगात टोचे पाडते. पितळेच्या जोडाला या तापमानाचा काही धोका नाही, कारण पितळ वितळायला साधारण ९०० अंश लागतात. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात फ्रेम देताना बीबीचे आटे, हँडलचे कप बसायच्या जागा आणि सीटच्या नळीचे तोंड झाकायला स्पष्ट सांगावे, अन्यथा नंतर आटे साफ करताना ताजा थर कडेने सुटतो आणि पाण्याला नवी वाट मिळते.

घरीच रंग द्यायचा असेल तर जुना रंग ओल्या वॉटर पेपरने घासावा आणि तोंडाला मास्क बांधावा. जुन्या रंगांत शिसे आणि पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमियम असू शकते, त्यांची कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. शेवटी थिनरने पुसल्यावर फ्रेमला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर तांबड्या ऑक्साइडपेक्षा ओल कितीतरी चांगली अडवतो, आणि जिथे पूर्वी फोड आले होते तिथे मी दुसरे काही सुचवणार नाही. लगच्या कडांवर फवाऱ्याचा रंग नेहमी पातळ बसतो. तिथे आधी बारीक कुंचल्याने एक हात द्यावा. मे महिन्याच्या दुपारी फवारा मारला तर थिनर हवेतच उडून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यामुळे सकाळची वेळ बरी.

रंग पूर्ण कडक झाल्यावर आतून दुहेरी उकळलेले जवसाचे तेल ओतून फ्रेम सावकाश सगळ्या बाजूंना फिरवावी, जास्तीचे गळू द्यावे आणि काही दिवस वाळू द्यावे. मोटारींच्या पोकळ भागांसाठी मिळणारा मेणयुक्त फवाराही चालतो. जळके इंजिन ऑइल मात्र वापरू नये, कारण त्यात आम्ल आणि पाणी आधीच मिसळलेले असते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत: ते तेल वाळताना गरम होते आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मगच टाकाव्यात.

नवे रूप देताना उघडणाऱ्या वाटा

पाण्याला बाहेर पडायला जागा ठेवणे हा या दुरुस्तीचा गाभा आहे. बीबीच्या नळकांड्याच्या तळाशी, बरोबर मधोमध, ३ ते ४ मिलिमीटरचे एक छिद्र पाडावे. आट्यांपासून आणि नळ्यांच्या जोडांपासून ते दूर हवे आणि कडा गोल कानशीने मऊ केलेल्या हव्यात. हे छिद्र रंगाच्या आधी पाडले तर त्याच्या कडाही रंगाने झाकल्या जातात. मागच्या पायांची मूळ बारीक छिद्रे बुजवण्याचा मोह होतो, पण खालचे बुजवून वरचे उघडे ठेवणे हा सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण मग आलेले पाणी आतच राहते.

मडगार्ड काढूनच सायकल हवी असेल तर सीटच्या चिरेवर जुन्या ट्यूबचा तीन-चार बोटे रुंद तुकडा दांड्यावर आणि नळीवर मिळून बसेल असा चढवावा. दिसायला तो फारसा खटकत नाही आणि मुख्य वाट बंद करतो. पोलादी नळीत ॲल्युमिनिअमचा नवा दांडा घालणार असाल तर भरपूर ग्रीस लावून घालावा आणि दर काही महिन्यांनी फिरवून पाहावा; दोन धातूंमध्ये ओल राहिली तर तो इतका घट्ट धरतो की पुढे कापून काढावा लागतो.

गिअरचे मागचे चाक बसवायचे झाल्यास मागच्या पायांमधली जागा वाढवावी लागते. या फ्रेममध्ये ती साधारण ११० मिलिमीटर असते आणि जुन्या पद्धतीच्या पाच-सहा गिअरच्या हबसाठी १२० ते १२६ लागते. पोलाद वाकवून हे करता येते, परंतु दोन्ही पाय वेगवेगळे, थोडे थोडे वाकवावेत. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेतून दोरा काढून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे येईपर्यंत मोजत राहावे. हे काम रंगाच्या आधीच झाले पाहिजे. रंग दिल्यावर वाकवले तर आडपट्ट्यांच्या जोडांवर रंगाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पहिला फोड तिथेच येतो. वेल्डिंगने केबलचे थांबे किंवा बाटलीच्या स्टँडसाठी नट जोडायचे असतील तर तेही आधीच, कारण त्या उष्णतेने बाहेरचा रंग आणि आतले तेल दोन्ही जळतात. आणि नंतर सुचले तर रबर लावलेल्या पट्टीने बसणारे थांबे घेणे शहाणपणाचे. बाटलीच्या स्टँडसाठी नळीला नुसते छिद्र पाडून स्क्रू आवळण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण नळीच्या नुसत्या भिंतीत आटे टिकत नाहीत आणि पाणी मात्र नक्की शिरते.

पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बीबीखालच्या छिद्रातून बारीक तार फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करावी, सीटचा दांडा काढून पुसून ग्रीससह परत बसवावा आणि आडपट्टीवरची माती कोरड्या ब्रशने काढावी. पावसात भिजलेली सायकल काही वेळ सरळ उभी ठेवली की पाणी छिद्रातून निघून जाते. ती उलटी करून हँडल-सीटवर ठेवली तर मात्र तेच पाणी वरच्या लगांमध्ये जाते.

एवढे करूनही एखाद्या ठिकाणी फोड आला तर पूर्ण फ्रेम पुन्हा रंगवण्याची गरज नाही. तो भाग चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घासावा, फॉस्फोरिक आम्लावर आधारित गंजरोधक बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे लावून धुवावा, इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा, आणि पुढच्या पावसाळ्यात नेमकी तीच जागा पाहावी. तिथेच परत फोड आला तर त्या जोडाच्या आतली फट अजून पाणी धरते आहे. तेव्हा बीबी पुन्हा उघडून आतून मेणयुक्त फवारा त्या फटीच्या दिशेने द्यावा. फोडाखाली रंगाऐवजी पोलादातच बारीक रेष दिसली, विशेषतः बीबीजवळ किंवा हँडलच्या खालच्या लगपाशी, तर ती तडा आहे असे धरून सायकल त्याच दिवसापासून चालवणे थांबवावे आणि पितळेच्या जोडाचे काम जाणणाऱ्या कारागिराला फ्रेम उघड्या पोलादावर दाखवावी.